पंक्तिप्रपंच आणि विश्वासाची कलमे

आपल्या बहुतेक शब्बाथशाळांतून गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील दोन वचने मुलांकडून सुवर्णवचने म्हणून पाठ करून घेतली जातात. एक सोळावे, मनुष्य नियमशास्त्रातील कर्मांनी नव्हे तर ख्रिस्तावरील विश्वासाने नीतिमान ठरतो हे सांगणारे. दुसरे विसावे, ख्रिस्ताबरोबर वधस्तंभावर खिळले जाण्याविषयीचे. वचने उत्तम आहेत, निवडही उत्तम आहे. परंतु त्यांच्या आधी, अकराव्या वचनापासून पुढे जे घडले आहे, ते मुलांना क्वचितच सांगितले जाते, आणि मोठ्यांसमोरच्या उपदेशातही ते घाईने ओलांडले जाते. ते एका जेवणाविषयी आहे.

प्रसंग अंत्युखियातला. ह्याच गावी शिष्यांना प्रथम ‘ख्रिस्ती’ हे नाव मिळाले, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायात आपण वाचतो. तेथे यहूदी विश्वासणारे आणि परराष्ट्रीय विश्वासणारे एकत्र जेवत. पेत्र तेथे आला तेव्हा तोही त्यांच्याबरोबर जेवू लागला. नंतर याकोबाकडून काही माणसे आली. ती आल्यावर पेत्र हळूहळू मागे सरला आणि वेगळा बसू लागला. त्याचे पाहून बाकीचे यहूदीही उठले. बर्णबासारखा थोर मनाचा माणूससुद्धा त्यांच्यामागे ओढला गेला. पौलाने हे पाहिले आणि सर्वांच्या देखत पेत्राला दोष दिला.

आपल्या भाषेत अशा गोष्टीसाठी एक नेमका शब्द आहे: पंक्तिप्रपंच. एकाच पंक्तीला बसलेल्यांपैकी एकाच्या भातावर तुपाची धार आणि दुसऱ्याच्या पानात कोरडा भात, हा तो प्रपंच. पेत्राने तर वाढण्यात भेद केला नाही, त्याने पंक्तीच बदलली.

आता विचार करण्याजोगी गोष्ट ही की पेत्राच्या शिकवणीत ह्या वेळी काहीही चूक झालेली नव्हती. कोणी त्याला त्या दिवशी विश्वासाची कलमे विचारली असती तर त्याने ती आपल्यापैकी कोणाहीपेक्षा चांगली सांगितली असती. येशू हाच ख्रिस्त, तो आपल्या पापांकरिता मेला, तिसऱ्या दिवशी उठला, तारण कृपेने आहे, ह्यातले एक अक्षरही त्याने मागे घेतले नव्हते. ह्याच पेत्राला यापो येथे, शिमोनाच्या घराच्या धाब्यावर, चादरीचा दृष्टान्त झाला होता. (तो शिमोन कातडी कमावणारा होता, म्हणजे कडक यहूद्यांच्या दृष्टीने जवळजवळ विटाळलेला, आपल्या मराठी शास्त्रात त्याला सरळ चांभार म्हटले आहे, आणि पेत्र त्याच्याकडे बरेच दिवस राहिला होता. हे वाचताना आपण सहसा थांबत नाही.) तेथूनच तो कर्नेल्याच्या घरी गेला, आणि ‘तू सुंता न झालेल्या लोकांबरोबर जेवलास’ हा आरोप झाला तेव्हा यरुशलेमेत उभे राहून त्याने त्याचे उत्तरही दिले. म्हणजे ज्ञान होते, संमती होती, अनुभवही होता.

तरी पौल काय म्हणतो? तो पेत्राला उद्धट म्हणत नाही. पाहुण्यांचा अपमान झाला असे म्हणत नाही. तो म्हणतो की हे लोक सुवार्तेच्या सत्याप्रमाणे सरळ चालत नाहीत. आणि ह्याच्या दुसऱ्याच श्वासाला, मध्ये विषय न बदलता, तो विश्वासाने नीतिमान ठरण्याची शिकवण मांडतो. रोमकरांस पत्रात ही शिकवण शांतपणे, पायरी पायरीने येते. पण ते पत्र गलतीकरांस पत्राच्या नंतरचे आहे. आधी ती आली ती ह्या भांडणातून, कोणी कोणाच्या शेजारी बसून जेवावे ह्या प्रश्नावरून.

असे का? जेवणाच्या जागेचा आणि देवासमोर नीतिमान ठरण्याचा संबंध काय? ह्या लेखाचा प्रश्न तोच आहे.

‘नीतिमान ठरणे’ हा शब्द न्यायासनाचा आहे. कोणीतरी निकाल देतो आणि माणूस निर्दोष ठरतो. सुवार्ता सांगते की हा निकाल देण्याचा अधिकार एकट्या देवाचा आहे, आणि जो ख्रिस्तावर भरवसा ठेवतो त्याच्या बाजूने तो निकाल लागला आहे. आता अंत्युखियातील पेत्राकडे पाहा. पौल स्पष्ट सांगतो की तो सुंता झालेल्यांना भ्याला. भय कशाचे? मारहाणीचे असावे असे तेथे दिसत नाही. भय होते ते त्यांच्या मताचे. आपण त्यांच्या नजरेत शुद्ध राहतो की विटाळतो ह्याचे. म्हणजे देवाच्या न्यायासनापुढे निकाल लागलेला असताना पेत्र दुसऱ्या एका न्यायासनापुढे जाऊन उभा राहिला आणि तेथेही आपण निर्दोष ठरावे म्हणून धडपडू लागला. तेथे निर्दोष ठरण्याची किंमत एवढीच होती की परराष्ट्रीय भावाच्या शेजारून उठायचे. त्या भावाला ह्यातून जे कळले ते कोणत्याही उपदेशापेक्षा स्पष्ट होते: ख्रिस्ताने तुला स्वीकारले आहे खरे, पण तेवढ्याने भागत नाही.

आपल्याकडे ह्या दुसऱ्या न्यायासनाला फार घरगुती नाव आहे. त्याला आपण ‘चार लोक’ म्हणतो. चार लोक काय म्हणतील! ही चार माणसे कोण, हे कोणालाच सांगता येत नाही, पण त्यांचा निकाल मात्र वरच्या कोर्टात फिरवता येत नाही असे आपण धरून चालतो.

म्हणून मला वाटते, एखादे विश्वासाचे कलम मानणे म्हणजे काय, ह्याचा आपण फार उथळ विचार करतो. धर्मसुधारणेच्या काळातील शिक्षक विश्वासाचे तीन पदर सांगत: ज्ञान, संमती आणि भरवसा. गोष्ट ठाऊक असणे, ती खरी आहे असे कबूल करणे, आणि तिच्यावर आपला भार टाकणे. पहिले दोन पदर भुतांपाशीही आहेत, असे याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात जवळजवळ थट्टेने सांगतो. तिसरा पदर शब्दांत दिसत नाही. एखादा गृहस्थ म्हणतो, आम्ही जातपात मुळीच मानत नाही. तो खोटे बोलत नसतो. पण त्याच्या घरी विशिष्ट पाहुण्याला चहा द्यायचा कप फळीवर वेगळा ठेवलेला असतो. ह्या माणसाचे खरे मत कोणते, तोंडातले की फळीवरचे? मी म्हणेन, दोन्ही त्याचीच आहेत. पण भार टाकायची वेळ येते तेव्हा तो फळीवरच्या मतावर टाकतो.

हे एका माणसापुरते राहत नाही. मोठमोठ्या मंडळ्यांचेही असे झाले आहे, आणि त्याचे एक उदाहरण आपण सुवार्तिक म्हणवणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे असे आहे. १८४६ च्या ऑगस्टमध्ये लंडन येथे फ्रीमेसन्स हॉलमध्ये निरनिराळ्या प्रॉटेस्टंट पंथांचे आठशेहून अधिक पाळक व पुढारी जमले आणि त्यांनी इव्हँजेलिकल अलायन्सची स्थापना केली. त्यांनी विश्वासाची नऊ कलमे ठरविली. पवित्र शास्त्राचा अधिकार, ते स्वतः वाचून समजून घेण्याचा प्रत्येकाचा हक्क व कर्तव्य, त्रैक्य, मनुष्याचे पतन, पुत्राचा देहावतार व प्रायश्चित्त, केवळ विश्वासाने नीतिमान ठरणे, पवित्र आत्म्याचे कार्य, पुनरुत्थान व न्याय, सेवकवर्ग आणि बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे विधी. आज आपल्या अनेक मंडळ्यांच्या घटनेत जी कलमे छापलेली असतात ती थोड्याफार फरकाने हीच आहेत. इतक्या पंथांचे ह्या कलमांवर एकमत झाले, ही लहान गोष्ट नव्हती.

मग जॉन हॉवर्ड हिंटन नावाचे एक इंग्रज बॅप्टिस्ट पाळक उभे राहिले. सभासदत्वाच्या अटीत आणखी थोडे शब्द घालावेत अशी सूचना त्यांनी मांडली: गुलाम बाळगणारा मनुष्य सभासद होऊ शकणार नाही. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ मध्ये होऊन चुकला होता. अमेरिकेत ती १८६५ पर्यंत चालायची होती. ह्या थोड्या शब्दांवर सभा दिवसच्या दिवस अडली. अमेरिकेहून आलेल्यांपैकी कित्येक स्वतः गुलामगिरीच्या विरुद्ध होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण ही अट घालणे हे अलायन्सचे काम नव्हे, आम्ही येथे विश्वासाच्या ऐक्यासाठी जमलो आहोत, असे त्यांचे म्हणणे पडले. शेवटी सर्व जगाची मिळून एक संस्था करण्याचा बेत सोडावा लागला आणि देशोदेशीच्या शाखा आपापल्या वाटेने गेल्या. त्याच वर्षी फ्रेडरिक डग्लस, जो स्वतः गुलामगिरीतून पळून आला होता, ब्रिटनमध्ये फिरून भाषणे करीत होता. त्याने ह्या अलायन्सवर जाहीर सभांतून कडक टीका केली.

नऊ कलमांवर सही करून मनुष्य घरी जाई, आणि घरी त्याने विकत घेतलेला मनुष्य त्याचे घोडे धरून उभा असे. कित्येकदा तो गुलामही ख्रिस्ती असे. दोघांनी एकाच प्रभूचे नाव घेतलेले.

येथे काही बंधू म्हणतील, ह्यावरून इतकेच सिद्ध होते की कलमांत काही अर्थ नाही. प्रीती असली की पुरे. मला हे मुळीच पटत नाही. कलमांना सुट्टी दिली तर पौलाला अंत्युखियात काय म्हणता आले असते? फार तर, पेत्रा, हे बरे दिसत नाही. आणि बरे दिसणे हाच निकष असेल तर पेत्राने केले तेच आलेल्या पाहुण्यांना बरे दिसत होते! पौलाच्या हाती पेत्राला अडवणारे जे एकमेव शस्त्र होते ते नीतिमान ठरण्याची शिकवण हेच होते. हिंटन साहेबांची सूचनाही नऊ कलमांच्या बाहेरून आलेली नव्हती. पतनाचे कलम सर्व माणसांना एकाच रांगेत उभे करते, प्रायश्चित्ताचे कलम त्या सर्वांची किंमत एकाच रक्ताने ठरविते. विल्यम विल्बरफोर्स आणि त्यांचे सोबती, ज्यांच्या अनेक वर्षांच्या खटपटीने १८०७ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातील गुलामांचा व्यापार कायद्याने बंद झाला, ते हीच कलमे मानणारे होते. एकाच शिकवणीतून एक मनुष्य पार्लमेंटात उभा राहतो आणि दुसरा बाजारातून माणूस विकत आणतो. फरक शिकवणीचा नाही. कोणी ती कुठपर्यंत आत येऊ दिली, ह्याचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पौलाने तरी गुलामगिरी कोठे मोडली? त्याने पळालेल्या अनेसिमाला फिलेमोनाकडे परत पाठविले की! अमेरिकेतील गुलामांचे मालक हे पत्र आवडीने वाचीत. पण त्यांनी ते पुरते वाचले असते तर बरे झाले असते. पौल सांगतो की आता त्याला दास म्हणून नको, दासापेक्षा अधिक, प्रिय बंधू म्हणून घे. आणि मला घेशील तसे त्याला घे. पौल पाहुणा म्हणून आला असता तर फिलेमोनाने त्याला कोठे बसविले असते? आपल्या शेजारी, मुख्य जागी. अनेसिमाला तेथे बसवायचे आहे. शिवाय त्याचे जे देणे असेल ते माझ्या नावे मांड, असे पौल लिहितो. साम्राज्याचा कायदा बदलणे मूठभर विश्वासणाऱ्यांच्या हाती नव्हते. जे हाती होते ते, म्हणजे फिलेमोनाचे घर आणि त्याची पंक्ती, पौलाने बदलायला सांगितले. ज्यांच्या हाती मते आणि कायदे होते, त्यांना ह्या पत्रामागे लपता येत नाही.

सुवार्तिक मंडळ्यांनी ह्याची दखल उशिरा का होईना घेतली. १९७४ च्या जुलैमध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे सुमारे दीडशे देशांतील प्रतिनिधी जमले. तेथे मान्य झालेल्या करारनाम्याचा पाचवा परिच्छेद ख्रिस्ती माणसाच्या सामाजिक जबाबदारीवर आहे, आणि ह्या बाबतीत झालेल्या हयगयीबद्दल त्यात पश्चात्तापही व्यक्त केला आहे. मसुदा समितीचे प्रमुख जॉन स्टॉट होते; ह्या मुद्द्यावर आग्रह धरण्यात लॅटिन अमेरिकेतील रेने पादिया व साम्युएल एस्कोबार पुढे होते.

पण लंडन आणि लोझान दूर आहेत. दूरच्या पापाविषयी लिहिणे सोपे असते.

आपल्या देशात पंक्तीचा प्रश्न मंडळीत नावानिशी उभा राहिला तो दक्षिणेत. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन हे पक्के सुवार्तिक. तंजावराकडील मंडळ्यांत उच्च जातीचे ख्रिस्ती वेगळे बसत आणि प्रभुभोजनाला आधी येत, हे त्यांना कळले. आधीच्या मिशनऱ्यांनी ते काळाने जाईल म्हणून सोडून दिले होते. विल्सन ह्यांनी १८३३ मध्ये पत्र काढून कळविले की मंडळीतील हा भेद ताबडतोब आणि कायमचा संपला पाहिजे. पुष्कळ कुटुंबे मंडळी सोडून गेली. आदेशाने मने बदलली का, ह्याविषयी मला शंका आहे. पण प्रश्न त्यांनी जेथे धरला ती जागा बरोबर होती, प्रभूचे मेज. करिंथ येथील मंडळीलाही पौल तेथेच धरतो. सधन आधी येऊन जेवून घेत, गरीब उपाशी राहत, आणि ह्यालाच ते प्रभुभोजन म्हणत. शरीर न ओळखता खाणे-पिणे हे स्वतःवर दंड ओढवून घेणे आहे, असे पौल तेथे लिहितो. पाळक साहेब हे शब्द दर प्रभुभोजनाला वाचतात. आपण त्या वेळी आपापली गुप्त पापे आठवतो, आणि तेही योग्यच. करिंथकरांचे पाप मात्र गुप्त नव्हते, जेवायला बसलेल्या सर्वांना दिसत होते.

आमच्या मराठी मंडळ्यांत आज कोणी वेगळ्या प्याल्याची मागणी करीत नाही. त्याबद्दल देवाचे आभार. बेळगाव असो, इंदूर असो, हैदराबाद असो, जेथे जेथे मराठी मंडळी घरापासून दूर येऊन रुजली तेथे परक्या गावातील एकाकीपणाने पुष्कळ भिंती आपोआप पाडल्या. परंतु मुलामुलीचे स्थळ पाहायला निघाले की एक प्रश्न येतोच, आणि तो फार सभ्यपणे येतो: ‘तुम्ही मूळचे कोण?’ तीन पिढ्या बाप्तिस्मा झालेल्या घरात हे ‘मूळ’ कोठून काढायचे? उत्तर समाधानकारक नसले तर कोणी जातीचे नाव घेत नाही. पत्रिका आम्ही पाहत नाही, पण मुलगी थोडी सावळी आहे, घर थोडे लांब आहे, सध्या विचार नाही, असे कळविले जाते. विचारणारे आईबाप वाईट नसतात. पुढच्या रविवारी ते विश्वासांगीकार मोठ्याने म्हणतात आणि मनापासून म्हणतात. पेत्रही अंत्युखियात मनापासूनच विश्वास ठेवीत होता. फक्त याकोबाकडची माणसे आली होती.

प्रत्येक नकारामागे हेच असते असे माझे म्हणणे नाही. शिक्षण, स्वभाव, नोकरीचे गाव हे पाहावेच लागते. मी त्या एका प्रश्नाविषयीच बोलतो आहे, आणि ज्याने तो कधी विचारला असेल त्याला तो कोणता हे सांगावे लागणार नाही.

येथे लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. पतीकडे राहायला आल्यावरही सुरुवातीला त्यांचे सोवळे होते, स्वयंपाकपाणी वेगळे होते. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचले आहे त्यांना ठाऊक आहे की बाप्तिस्म्याच्या आधीच एके दिवशी त्यांनी जातिभेद देवाचा की माणसाचा ह्याचा स्वतःच्या मनाशी निवाडा केला, तो माणसाचा ठरविला, आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याची तयारी केली. कलमे त्यांनी नंतर स्वीकारली. आपल्यापैकी बहुतेकांचा क्रम उलटा आहे. कलमे आपल्याला पाळण्यातच मिळाली. त्या बाईंना ‘चार लोकां’चे न्यायासन ओलांडायला केवढे बळ लागले असेल, ह्याची कल्पना त्यांच्या विनोदी लिहिण्यामुळे आपल्याला चटकन येत नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती करतो. सोळावे वचन शिकवाल तेव्हा त्या दिवशी अकराव्या वचनापासून सुरुवात करा. मुलांना गोष्ट सांगा: जेवण चालले आहे, दारात माणसे येतात, पेत्र ताट उचलतो. मुलांना पंक्तीतून उठवले जाणे म्हणजे काय ते शाळेच्या डब्याच्या सुट्टीतून चांगले ठाऊक असते; तुम्हाला फार समजावून द्यावे लागणार नाही. मग सोळावे वचन पाठ करून घ्या. ते पाठ होईल, आणि कशासाठी लिहिले तेही लक्षात राहील.

एखादा चुणचुणीत मुलगा विचारील की मग पेत्र परत येऊन त्यांच्याबरोबर जेवायला बसला का? त्याला खरे तेच सांगावे. पौलाने ते लिहिलेले नाही. त्याचे स्वतःचे बोलणे तेवढे त्याने नोंदविले आहे, पेत्राचे उत्तर नाही. इतके मात्र दाखवता येईल की प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमेच्या सभेत पेत्र उभा राहतो आणि देवाने आपल्यात व परराष्ट्रीयांत काही भेद ठेवला नाही असे सर्वांपुढे सांगतो, जरी ही सभा त्या जेवणाच्या आधीची की नंतरची ह्यावर विद्वानांचे एकमत नाही. आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात, ज्याने त्याला सर्वांच्या देखत दोष दिला त्या पौलाचा उल्लेख आहे. तेथे त्याला आपला प्रिय बंधू म्हटले आहे.